घरात चकवा

चकवा म्हणजे भूत असं मानणारे लोक अजून आहेत, आणि वन्यजीव खात्याच्या शहर पथकातल्या माणसांना त्यांचा जेवढा वैताग येतो तेवढा चकव्याचाही येत नाही. चकवा हा प्राणी आहे. मांजरापेक्षा जरा मोठा, पायांनी ठेंगणा, रंगानं राखाडी, झुरळं-पाली खाऊन जगणारा आणि अंड्याच्या बलकासाठी जीव टाकणारा. त्याच्या मानेखाली एक ग्रंथी असते. तिच्यातून जे काही निघतं त्याला वास नाही की रंग नाही, पण तीसेक पावलांच्या आत जो कोणी असेल त्याची दिशा हरवते. माणूस डावीकडे म्हणून निघतो आणि उजवीकडे पोचतो. स्वतःच्याच टेबलाशी तीनदा जाऊन ‘साहेब आहेत का’ असं विचारतो. बिचाऱ्या प्राण्याच्या मनात काही काळंबेरं नसतं. कोणी आपल्यापर्यंत पोचू नये, एवढंच त्याला वाटतं. हे असं वाटणं थोरलीला हल्ली फार चांगलं समजायला लागलं होतं.

थोरली पथकात ‘आतली’ होती. तिथे काम जोडीनं चालतं. एक जण कमरेला दोरी बांधून आत जातो, दुसरा तीस पावलांच्या बाहेर दोरीचं टोक धरून उभा राहतो. आतल्यानं डोळ्यांवर पट्टी बांधायची, डावा तळहात भिंतीला लावायचा आणि भिंत नेईल तिकडे जायचं. डोळे उघडे ठेवले की माणूस ओळखीच्या खुणा शोधायला लागतो आणि तिथेच फसतो. अठरा वर्षं थोरली अशी आत जात होती, आणि त्यातली बारा वर्षं तिची दोरी एकाच माणसाच्या हातात होती. त्याला सगळे खुंटा म्हणत. देह तसाच, आणि एकदा उभा राहिला की जागचा हलणार नाही अशी त्याची ख्याती. जेवायची सुट्टी संपली की त्याला खुर्चीतून उठवायला दोघे जण लागतात, असंही ऑफिसात म्हणत, पण ते चेष्टेनं.

त्या मंगळवारी काम होतं जमिनीच्या नोंदींच्या कचेरीत. तिथे चकवा चांगला चार महिने मुक्काम ठोकून होता आणि कोणाला पत्ता नव्हता. लोक या खिडकीवरून त्या खिडकीवर जात होते आणि फिरून पहिल्या खिडकीवर येत होते. कचेरीत एरवी तरी दुसरं काय होतं? शेवटी तिथला शिपाई, ज्यानं त्या इमारतीत सव्वीस वर्षं काढली होती, तो साहेबांचा चहा घेऊन निघाला आणि तासाभरानं तोच गार चहा हातात घेऊन गच्चीवर सापडला, तेव्हा कुठे पथकाला फोन आला.

खुंट्यानं नेहमीप्रमाणे आधी साखर टाकली. ही पथकाची सगळ्यांत जुनी परीक्षा. जमिनीवर चिमूटभर साखर टाकायची आणि मुंग्यांची वाट बघत बसायचं. मुंग्या कण उचलून रांगेनं सरळ बिळाकडे गेल्या तर चकवा नाही. रांग मोडली, मुंग्या कण घेऊन गोल गोल फिरायला लागल्या, तर आहे. मुंगीला कोणाची भीडभाड नसते, त्यामुळे या परीक्षेबद्दल आजवर कोणी ब्र काढला नव्हता. कचेरीतल्या मुंग्यांनी पाच मिनिटांत नुसता गोंधळ घातला. थोरलीनं दोरी बांधली, पट्टी बांधली आणि आत गेली. दीड तास भिंती चाचपत, गुडघे टेकत, कपाटांखाली हात घालत तिनं दप्तरांच्या खोलीतून एक जाडजूड मादी बाहेर काढली. चकव्याच्या शेपटीवर दर वर्षाला एक पांढरं, हातालाही लागणारं वलय उमटतं. खुंट्यानं वलयं मोजली आणि फॉर्मवर वय लिहिलं, चार वर्षं.

थोरली गाडीच्या पायरीवर बसून राहिली. पाठ भरून आली होती, डावा गुडघा ठणकत होता, आणि हे काही कामामुळे झालेलं नाही हे तिला ठाऊक होतं. गेले दहा महिने तिला सलग चार तासांहून जास्त झोप मिळाली नव्हती. खुंट्यानं विचारलं, बरं नाही का. ती म्हणाली, काही नाही, ऊन लागलं. आभाळ सकाळपासून भरलेलं होतं. खुंट्यानं वर पाहिलं.

ती घरी पोचली तेव्हा संध्याकाळचे साडेपाच झाले होते. घर पहिल्या मजल्यावर, काही फार मोठं नव्हे. दार उघडलं की एक लांब पॅसेज. डाव्या हाताला आधी बाथरूम, मग बाबांची खोली. उजव्या हाताला स्वयंपाकघर, मग तिची खोली. पॅसेजच्या टोकाला बैठकीची खोली आणि दाराशीच बुटांचं कपाट. तिशी गाठेपर्यंत बहिणीबरोबर आणि त्यानंतर नुसती बाबांबरोबर ती याच घरात राहत आली होती. इथे चुकायचं म्हटलं तरी चुकायला जागा नव्हती.

बाबा पॅसेजमध्ये उभे होते. खांद्यावर टॉवेल, पायजमा ओला. शेजारीण दुपारी डोकावून त्यांना जेवायला वाढून गेली होती, त्याला चार तास उलटले होते. त्यातला किती वेळ ते उभे होते कोण जाणे. बुटांचं कपाट उघडं होतं आणि थोरलीचे पावसाळी बूट भरले होते, पावसानं नव्हे.

“घरात चकवा आहे,” बाबा म्हणाले. “मोठा आहे. जुना नर असणार.”

“हो बाबा,” थोरली म्हणाली. “मिळेल.”

तिनं त्यांना धुतलं, कोरडे कपडे घातले, खुर्चीत बसवलं. बूट गॅलरीत नेऊन पालथे केले. मग पॅसेजमध्ये लावलेला पिंजरा पाहिला. आतला बलक वाळून पिवळी खपली झाला होता. तिनं नवं अंडं उकडलं, बलक काढून पिंजऱ्यात ठेवला आणि पांढरा भाग उभ्याउभ्याच खाल्ला. दहा महिने रोज एक अंडं. पिंजऱ्याचं दार एकदाही पडलं नव्हतं.

हे बाबा म्हणजे कोणी साधा माणूस नव्हे. चौतीस वर्षं ते पथकात आतले होते. डोळ्यांवर पट्टी बांधायची पद्धत त्यांची, डाव्या हाताचा नियम त्यांचा. थोरलीला आणि खुंट्याला दोघांनाही त्यांनीच तयार केलं होतं, आणि चुकलं की पाठीत धपाटा घालायला त्यांनी कधी कमी केलं नव्हतं. ऑफिसात त्यांना उस्ताद म्हणत, आणि अजून एखादं अवघड काम अडलं की कोणीतरी म्हणतंच, उस्ताद असते तर. असा माणूस एके सकाळी बाथरूममधून निघाला आणि आपल्या खोलीऐवजी केरसुण्यांच्या फडताळात शिरला. थोरलीनं ते पाहिलं. दुसऱ्याच क्षणी तिला उत्तर सापडलं. “बाबा, घरात चकवा शिरला वाटतं,” ती म्हणाली. बाबांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं होतं. मग म्हणाले होते, “असेल.”

दुसऱ्या कुठल्या घरात हे झालं असतं तर लोकांनी वेगळा विचार केला असता. पण सुताराला दार करकरलं की बिजागरीच दिसते, तसं या दोघांचं झालं. थोरलीला वाट काढता येत होती आणि बाबांनाच का नाही, या प्रश्नालाही तिनं उत्तरं शोधून ठेवली होती. प्राणी बाबांच्या खोलीच्या बाजूला असणार. ती दिवसभर बाहेर असते, बाबा चोवीस तास घरात, त्यांच्या अंगात जास्त भिनणार. ते एकदा तिचं नाव विसरले तेव्हा तिनं तेही चकव्याच्या माथी मारलं. पथकात नवं आलेलं पोरसुद्धा हे ऐकून हसलं असतं, कारण चकवा दिशा घालवतो, नावं नाही. शिवाय चकवा एका जागी चार महिन्यांच्या वर राहत नाही. हे सगळं थोरलीला पाठ होतं. नव्या लोकांना ती स्वतःच शिकवत होती.

एवढं सगळं करून एक गोष्ट तिनं केली नव्हती. घरात साखर होती. मुंग्याही होत्या, ओट्याखाली हव्या तेवढ्या. पण दहा महिन्यांत तिनं एक चिमूट साखर टाकून पाहिली नव्हती. उद्या टाकू, रविवारी टाकू, असं म्हणत ती चालढकल करत राहिली. मुंग्या सरळ गेल्या असत्या तर पुढे काय, हे तिला बघायचं नव्हतं.

धाकटीचा फोन दर रविवारी येई. ती दुसऱ्या शहरात, तिचा संसार तिकडे. त्या रविवारीही तिनं तेच सांगितलं, बाबांना डॉक्टरला दाखव. थोरलीनंही तेच सांगितलं, आधी घरातला प्राणी निघू दे, मग दाखवू. चकवा घरात असताना तपासून डॉक्टरला काय कपाळ कळणार? धाकटी म्हणाली की चकवा एका घरात एवढा राहत नाही, हे बाबांनीच आपल्याला लहानपणी सांगितलंय. थोरली म्हणाली की तुला तिकडे बसून बोलायला सोपं आहे. असं म्हटलं की धाकटी गप्प होते हे तिला माहीत होतं, आणि ती झालीच. फोन ठेवल्यावर थोरलीला स्वतःची लाज वाटली, पण लाज वाटून घेण्याइतकंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं. ती खुर्चीतच डोळे मिटून पडली.

मग गुरुवारची सकाळ आली. थोरली उठली, चहा टाकायला म्हणून शेजारच्या स्वयंपाकघराकडे निघाली आणि बाबांच्या खोलीत पोचली. बाबा झोपले होते. झोपेत आहोत आपण, असं म्हणून ती मागे वळली, दार उघडलं, तर बाथरूम. पुन्हा वळली. मोजून पाच पावलं टाकली. समोर बुटांचं कपाट. तिनं भिंतीला हात लावला. अठरा वर्षांच्या सवयीनं तळहात आपोआप डावा गेला. अंगावर तोच ओळखीचा काटा आला, जो प्रत्येक कामावर पहिल्या वळणाला येतो.

पॅसेजमध्ये उभ्याउभ्या तिला हसू फुटलं. चकवा होता. खरंच होता. तिला वेड लागलं नव्हतं, आणि बाबांनाही काही झालं नव्हतं. तो प्राणी इथेच कुठेतरी होता, दीड वीत उंचीचा, पिंजऱ्यात घालून जंगलात नेऊन सोडण्याजोगा. तिनं भिंत धरत धरत बाहेरचं दार गाठलं, जिन्यावर आली आणि खुंट्याला फोन लावला. “गाडी घेऊन ये,” ती म्हणाली. “माझ्या घरी.”

खुंटा वीस मिनिटांत आला. घराच्या उंबऱ्यात त्यानं साखर टाकली आणि दोघे जिन्यावरून वाकून बघत बसले. पहिली मुंगी आली. तिनं कण उचलला, दोन बोटं सरळ गेली, थांबली, आणि वळली. मग दुसरी वळली. मग सगळ्या फिरायला लागल्या. थोरलीला एवढं बरं वाटलं की तिला रडू आलं. खुंट्यानं तोंड फिरवून दोरी सोडवायला घेतली, ती सुटलेलीच होती तरी.

अडचण पुढे होती. पथकाचा एक नियम आहे, ज्याचं घर त्यानं आत जायचं नाही. स्वतःच्या घरात पायांना फार आत्मविश्वास असतो. पट्टी बांधली तरी ते भिंतीचं ऐकत नाहीत. म्हणजे थोरली बाद. आणि खुंटा एकशे दहा किलोचा, बारा वर्षं फक्त दोरी धरलेला. तो ओट्याखाली शिरला असता तर त्याला काढायला दुसरं पथक बोलवावं लागलं असतं. दुसरी जोडी दुपारनंतरच मोकळी होणार होती. दोघांचं असं चाललेलं असताना आतून बाबा आले. कसे आले कोणास ठाऊक; पायजमा उलटा घातला होता, पण दारापर्यंत नीट आले.

“मी जातो,” ते म्हणाले.

खुंट्यानं हात जोडले. म्हणाला की उस्ताद, नियम तुम्हीच केलाय, ज्याचं घर त्यानं जायचं नाही.

“मला हे घर माझं वाटतंच कुठे हल्ली?” बाबा म्हणाले. “रोज सकाळी उठतो तर नवंच असतं. दोरी आण.”

थोरलीनं दोरी त्यांच्या कमरेला बांधली. गाठ कशी मारायची ते तिच्या हाताला त्यांनीच शिकवलेलं होतं, तरी त्यांनी ती ओढून तपासली आणि पुन्हा घट्ट करायला लावली. पट्टी बांधली. डावा तळहात भिंतीला टेकवला आणि बाबा आत गेले.

थोरलीनं आयुष्यात पुष्कळ लोकांना आत जाताना पाहिलं होतं. सगळे चाचरतात. पहिल्या वळणाला थांबतात, मान वळवतात, पाऊल टाकून मागे घेतात. बाबा चाचरले नाहीत. दोरी एका लयीत सरकत राहिली. चुकायची भीती जिला म्हणतात ती त्यांच्यात शिल्लकच नव्हती, दहा महिन्यांत ती झिजून गेली होती. जिथे हात नेईल तिथे ते जात होते, आणि कुठे पोचायचं होतं याचा आग्रह नव्हता. चकव्याचं अशा माणसापुढे काय चालणार? पंधरा मिनिटांनी दोरीला दोन हिसके बसले. म्हणजे मिळाला.

ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या छातीशी एक राखाडी गोळा होता. हातमोजे नाहीत, काही नाही. प्राणी त्यांच्या कोपरात तोंड खुपसून बसला होता. खुंट्यानं चटकन त्याच्या मानेला ओला पट्टा गुंडाळला, त्यानं ग्रंथी बंद राहते. थोरलीनं पाहिलं तर बाबा ताठ उभे होते, खांदे मागे, हनुवटी वर, जसे ते ती लहान असताना कामावरून परत येत. तिला वाटलं, संपलं सगळं. आज रात्री झोपू.

पट्टी अजून डोळ्यांवरच होती. बाबांचा अंगठा प्राण्याच्या शेपटीवरून मुळापासून टोकापर्यंत फिरला आणि परत फिरला.

“पिल्लू आहे,” ते हळूच म्हणाले.

खुंट्यानं शेपटी उजेडात धरली. एकही वलय नव्हतं. त्यानं पिल्लाचे ओठ बाजूला करून दात पाहिले, दुधाचे होते. आईपासून सुटलेलं, पाइपातून चढून उबेला आलेलं असणार, एक-दोन रात्रींपूर्वी फार तर. खुंटा फॉर्म भरायला बसला. एवढा चार ओळींचा फॉर्म, पण त्यानं फार वेळ लावला आणि मान वर केली नाही. मग त्यानं तो थोरलीपुढे सहीला धरला. वय, दोन महिने. थोरलीनं सही केली. काही वाटायलाच थोडा वेळ लागत होता.

गाडीत पिंजरा ठेवून झाल्यावर खुंटा परत जिन्याशी आला. “ताई,” तो म्हणाला, “आईला आम्ही ज्यांना दाखवलं होतं त्या डॉक्टरांचा नंबर आहे माझ्याकडे. चांगले आहेत. घाई करत नाहीत.” त्यानं कागद आधीच लिहून आणलेला होता. घड्या जुन्या होत्या, म्हणजे तो किती दिवस खिशात बाळगून होता ते थोरलीला कळलं. तिनं कागद घेतला आणि नंबर फिरवला. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराची वेळ मिळाली.

त्या संध्याकाळी बाबा बैठकीच्या खोलीत खुर्चीत बसले होते. खिडकीतून शेवटचा उजेड येत होता. अशा वेळा अलीकडे क्वचित येत, की ते पूर्ण जागेवर असत, डोळ्यांत सगळा माणूस असे. थोरलीनं चहा दिला. त्यांनी बशी गुडघ्यावर ठेवली.

“दोन महिन्यांचं होतं,” ते म्हणाले.

“हो.”

“मी पहिल्याच आठवड्यात साखर टाकली होती. तू कामावर गेल्यावर. बाथरूमच्या दारात.”

थोरलीनं वळून त्यांच्याकडे पाहिलं.

“मुंग्या सरळ गेल्या, थोरले. एकसुद्धा चुकली नाही. मी तासभर बसलो होतो.”

तिला एकदम राग आला. दहा महिन्यांची अंडी, दहा महिन्यांच्या ओल्या चादरी, धाकटीला तोडून बोललेले शब्द, सगळं एकदम वर आलं. मग का नाही बोललात, असं तिनं विचारलं, आणि आवाज तिला हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला.

“तू म्हणालीस चकवा आहे,” बाबा म्हणाले. “मला वाटलं, असू दे. चकवा असला तर पकडता तरी येतो.” त्यांनी चहाचा घोट घेतला. “आणि पुढे पुढे मला खरंच वाटायला लागलं. मग तर सोपंच झालं.”

तिचा राग गेला. तो टिकवायलाही जोर लागतो. तिनं खाली बसून त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं, असं ती दहा-अकरा वर्षांची असताना बसायची. त्यांनी तिच्या केसांवर हात ठेवला. थोड्या वेळानं म्हणाले, “उद्या सकाळी मी परत म्हणेन, चकवा आहे. तू हो म्हणू नकोस. आपण खोटा अहवाल देत नाही.” थोरली बरं म्हणाली. खुंट्याचे डॉक्टर, अकराची वेळ, सगळं तिनं त्यांना सांगितलं, आणि त्यांनी समजल्यासारखी मान हलवली.

सकाळी ती उठली आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. एकही पाऊल चुकलं नाही. चहा उकळत ठेवला आणि ती पॅसेजमध्ये आली. बाबा स्वयंपाकघरासमोर भिंतीला टेकून उभे होते, खांद्यावर टॉवेल, एक हात बाथरूमच्या कडीपासून वीतभर अंतरावर.

“घरात चकवा आहे,” ते म्हणाले. “मोठा आहे.”

‘हो बाबा’ हे शब्द तिच्या तोंडात तयारच होते. रोजची सवय. ते गिळायला तिला बळ लावावं लागलं.

“नाही बाबा,” ती म्हणाली. “एक पिल्लू होतं, ते काल तुम्ही पकडलंत. आता घरात चकवा नाही.”

बाबांनी तिच्याकडे शिकाऊ माणसाकडे बघावं तसं पाहिलं. मग त्यांनी पॅसेजकडे पाहिलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. “मग मला बाथरूम का सापडत नाही?”

“तुम्हाला बरं नाहीये, बाबा. विसरायचा आजार असेल. अकराला डॉक्टरांकडे जायचंय आपल्याला.”

ते बोलणं आत उतरत गेलेलं तिला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. काल संध्याकाळी हा माणूस सगळं जाणून होता, आणि आता त्याला हे आयुष्यात पहिल्यांदा कळत होतं. उद्याही पहिल्यांदाच कळणार होतं, हे तिच्या लक्षात आलं.

“कधीपासून?” त्यांनी विचारलं.

“दहा महिने झाले.”

“दहा महिने.” त्यांनी भिंतीवरचा हात काढला. “आणि मला आज सांगतेस?”

तुम्हालाच आधी कळलं होतं, माझ्याही आधी, हे थोरलीच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते खरंही होतं. पण ज्याला ते आठवत नव्हतं त्याला ऐकवून काय मिळालं असतं? तिनं त्यांचा हात धरला आणि बाथरूमचं दार उघडलं.

“चुकलं माझं, बाबा,” ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, तितक्याच मनापासून, पुन्हा म्हणाली.